लॅपटॉपचा अबोल मायक्रोफोन

मनुष्याचा आवाज दूरवर पोचविण्याची यांत्रिक सोय आता इतकी सर्वसाधारण झाली आहे की, ती नाहीशी झाल्यावाचून तिची आठवणही होत नाही. २०२० साली कोविडच्या साथीमुळे देशातील शाळा बंद झाल्या आणि असंख्य विद्यार्थ्यांचे वर्ग पडद्यावर भरू लागले, तेव्हा ह्या सोयीचे महत्त्व घरोघरी ध्यानात आले. विद्यार्थी पडद्यावर दिसतो, त्याचे ओठ हलताना दिसतात, परंतु शब्द पलीकडे पोचत नाही. तोंडी परीक्षेत असे घडले तर येत असलेले उत्तर न आल्यासारखे होते. नोकरीच्या मुलाखतीत घडले तर संधी हुकते. ज्या अंध व्यक्ती संगणकाला तोंडी आज्ञा देऊन काम करतात, त्यांचे तर सारे कामच खोळंबते.

अशा वेळी ‘मायक्रोफोन बिघडला’ असा निष्कर्ष तत्काळ काढला जातो आणि लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानाची वाट धरतो. वस्तुतः शांततेवरून एवढेच कळते की, आवाज वाटेत कोठेतरी थांबला. तो कोठे थांबला हे शोधल्यावाचून दुरुस्तीला हात घालणे म्हणजे रोगाचे निदान होण्यापूर्वीच औषध देणे होय.

आवाजाची वाट

प्रथम ही वाट समजून घेतली पाहिजे. लॅपटॉपच्या पडद्याच्या वरच्या कडेला, कॅमेऱ्याच्या आसपास, किंवा कळफलकाजवळ एक-दोन बारीक छिद्रे असतात. त्यांच्या आड मायक्रोफोन बसविलेला असतो. त्याची लांबी-रुंदी अवघी तीन-चार मिलिमीटर असते. १८७८ साली डेव्हिड ह्यूज ह्यांनी कार्बनच्या सैल स्पर्शावर चालणारा मायक्रोफोन लोकांपुढे मांडला. १९६२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेर्हार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट ह्यांनी कायम विद्युत्-भारित राहणाऱ्या पातळ पापुद्र्याचा मायक्रोफोन तयार केला. आजच्या बहुतेक लॅपटॉपांतील मायक्रोफोन मात्र सिलिकॉनवर, संगणकाच्या चकतीप्रमाणेच सूक्ष्म कोरीवकाम करून घडविलेला असतो.

त्यात दोन पटले समोरासमोर असतात. एक स्थिर व सच्छिद्र असते. दुसरे लवचीक असून त्याची जाडी साधारणतः मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी असते. ध्वनिलहरी येताच लवचीक पटल कंप पावते, दोन पटलांतील अंतर कमी-अधिक होते आणि त्याबरोबर त्यांची विद्युत्-भार धारण करण्याची क्षमता बदलते. ह्या बदलाचे रूपांतर विद्युत्-संकेतात होते. मग त्या संकेताचे मोजमाप दर सेकंदास बहुधा ४८,००० वेळा घेऊन त्याचे आकडे बनविले जातात. हे आकडे ‘ड्रायव्हर’ नावाच्या आज्ञावलीमार्फत संगणकाच्या मूळ कार्यप्रणालीकडे जातात. ती परवानगी पाहून ते मागणाऱ्या कार्यक्रमाच्या हवाली करते आणि शेवटी तो कार्यक्रम ते इंटरनेटवरून पलीकडे धाडतो.

छिद्र, पटल, ड्रायव्हर, परवानगी, कार्यक्रम अशी ही साखळी आहे. तिची कोणतीही कडी निसटली तरी ऐकणाऱ्याच्या कानी येते ती शांतता एकसारखीच.

वाटेचे दोन भाग करावेत

साखळी लांब असली की ती मधोमध तपासणे शहाणपणाचे ठरते. इंटरनेट बाजूस ठेवून, संगणकातच असलेल्या ध्वनिमुद्रणाच्या कार्यक्रमात चार वाक्ये बोलावीत व ती परत ऐकावीत. ऐकू आली, तर छिद्र, पटल व ड्रायव्हर ही सारी मंडळी निर्दोष ठरली. दोष पुढच्या भागात, म्हणजे भेटीच्या कार्यक्रमात, त्याला मिळालेल्या परवानगीत, किंवा क्वचित पलीकडच्या माणसाच्याच ध्वनिक्षेपकात आहे. ऐकू आली नाहीत, तर दोष अलीकडच्या भागात शोधावा. एका मिनिटाच्या ह्या प्रयोगाने अर्धी वाट निकालात निघते.

एक पथ्य मात्र पाळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा बोलून पाहावे. एकदम पाच बटणे फिरविली तर आवाज परत येईलही, पण तो कशामुळे आला हे कळणार नाही आणि पुढल्या खेपेस पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

यंत्राने पाळलेले मौन

पुष्कळदा असे आढळते की, मायक्रोफोन धडधाकट असतो. त्याला गप्प राहण्याची आज्ञा झालेली असते. अनेक लॅपटॉपांच्या कळफलकावर मायक्रोफोनचे चित्र असलेली एक कळ असते. चुकून बोट लागले की ती आवाज बंद करते, आणि तिचा लहानसा दिवा लागला तरी तिकडे लक्ष जात नाही. भेटीच्या कार्यक्रमातही ‘म्यूट’चे स्वतंत्र बटण असते. ह्या दोन्ही जागा प्रथम पाहाव्यात.

त्यानंतर परवानगी. कोणत्याही कार्यक्रमाने गुपचूप संभाषण ऐकू नये म्हणून कार्यप्रणाली मायक्रोफोनच्या दारावर पहारा ठेवते. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ ह्या विभागात ‘मायक्रोफोन’ अशी नोंद असते. अॅपलच्या संगणकातही ह्याच नावाचा विभाग आहे. ब्राउझरमधून वर्गाला बसणाऱ्यास दोन परवानग्या लागतात: एक कार्यप्रणालीने ब्राउझरला दिलेली आणि दुसरी ब्राउझरने त्या संकेतस्थळाला दिलेली. पहिल्या दिवशी घाईत ‘नको’ म्हटले गेले असेल, तर तो नकार पुढेही लक्षात ठेवला जाऊ शकतो.

तिसरे कारण म्हणजे भलत्याच मायक्रोफोनची निवड. शेजारच्या खोलीत राहिलेला ब्लूटूथ इअरफोन जोडलेलाच असेल, तर संगणक त्याच्याकडे कान लावून बसतो. ‘साउंड’ विभागातील ‘इनपुट’च्या यादीत लॅपटॉपचा अंगचा मायक्रोफोन निवडावा आणि बोलताना पातळी दाखविणारी पट्टी हलते की नाही ते पाहावे.

छिद्र आणि पटल

एवढे करूनही पट्टी निश्चल राहिली, तर बाहेरील छिद्राकडे वळावे. कॅमेरा झाकण्यासाठी लावलेली चिकटपट्टी शेजारचे छिद्रही झाकते, असे पुष्कळदा घडते. धूळ बसली असेल तर कोरड्या, मऊ कुंचल्याने वरवर झाडावी. टाचणी किंवा सुई आत घालू नये, तसेच दाबाच्या हवेचा झोतही मारू नये. इतके पातळ पटल त्याने फाटण्याचा संभव असतो आणि मग नसलेला बिघाड खरोखरच निर्माण होतो.

आवाज येतो, पण तुटक किंवा बुडबुड्यांसारखा, अशीही एक तक्रार असते. तिचे एक कारण गोंगाट गाळणारी आज्ञावली हे असू शकते. सतत एकसारखा चालणारा ध्वनी म्हणजे पंख्याची घरघर, असे तिचे गृहीत असते. त्यामुळे संगीताच्या वर्गात तानपुऱ्याचा अखंड सूरही ती गोंगाट समजून पुसून टाकू शकते. अशा वर्गापुरती ती बंद ठेवावी.

अखेरची परीक्षा

लॅपटॉप एकदा बंद करून पुन्हा चालू करावा आणि ड्रायव्हर नव्याने बसवून पाहावा. तरीही यश आले नाही, तर कोणाकडून यूएसबीचा बाहेरील मायक्रोफोन घटकाभर मागून आणावा. तो चालला आणि आतला चालला नाही, तर आतील मायक्रोफोन, त्याची तार किंवा त्याचा ड्रायव्हर ह्यांपैकी एकात दोष आहे. ड्रायव्हर आधीच नव्याने बसविला असल्यास आता कारागिराकडे जाणे योग्य होय. बाहेरील मायक्रोफोनही मुका राहिला, तर दोष बहुधा परवानगीत किंवा कार्यक्रमात आहे. लॅपटॉप उघडण्याचे कारण नाही.

दुकानात जावेच लागले, तर कोणकोणत्या परीक्षा केल्या आणि प्रत्येकीचे फळ काय मिळाले, हे कागदावर लिहून न्यावे. त्या चार ओळींमुळे कारागिराचा वेळ वाचतो आणि न बिघडलेला भाग बदलण्याचा खर्चही टळतो. शाळेत किंवा ग्रंथालयात जेथे एकच संगणक अनेकजण वापरतात, तेथे असा कागद संगणकाजवळच ठेवला, तर आज एका विद्यार्थ्याने शोधलेला दोष उद्या दुसऱ्यास पुन्हा शोधावा लागणार नाही.