भांडण ऐकायला बसणारी माणसं

या पावसाळ्यात साकीनाक्याच्या आमच्या इमारतीत एका घराच्या बाथरूमचं पाणी खालच्या घराच्या भिंतीत उतरलं. प्लंबरचं एका दुपारचं काम. पण आधी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकमेकांचं गाव आणि धर्म निघाला, मग जिन्यात धक्काबुक्की झाली, आणि रात्री दोन्ही घरं पोलिस ठाण्यात जाऊन एकमेकांविरुद्ध एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची तक्रार, नोंदवून आली. अदखलपात्र गुन्ह्यात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. नोंदीचा कागद हातात पडला म्हणजे आपण जिंकलो, असं समजून दोघं घरी आले. भिंत ओली ती ओलीच आहे, आणि मुलं जिन्यात समोरासमोर आली की आया त्यांना मागे ओढतात. भांडणं साकीनाक्यात पूर्वीही उदंड होती. मला चीड येते ती याची, की या इमारतीतल्या एवढ्या बिऱ्हाडांत दोघांना समोर बसवून ऐकून घेणारं एकही माणूस निघालं नाही. एके काळी आमच्याकडे अशी माणसं होती.

गोतसभा आणि पाच पंचांच्या जुन्या आठवणी काढून गहिवरणाऱ्यांतला मी नाही. त्या पारावर बाईला बोलू देत नसत, आणि जातपंचायतींनी माणसं वाळीत टाकली म्हणून तर महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. ऐंशीच्या दशकातल्या मुंबईत भांडणं मिटत ती भाईच्या दारात. मांडवली होई, पण जो जास्त पैसे मोजी त्याच्या बाजूने. त्या वर्षांबद्दल याहून जास्त लिहावं असं काही नाही.

दोन्ही बाजूंना समोर बसवून ऐकण्याचा आरंभ झाला भिवंडीत. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेल्या त्या यंत्रमागांच्या गावात १९८८ साली पोलिस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांचं शहाणपण असं, की पुढाऱ्यांना आणि नेहमीच्या प्रतिष्ठितांना बाजूला ठेवून त्यांनी साध्या माणसांना बसवलं, हिंदू आणि मुसलमान दोन्ही, आणि सोबत त्या भागाचा पोलिस. या बैठका दंगलीची वाट पाहत थांबल्या नाहीत. गटार, नळ, ओट्याची भांडणं त्यांत येत राहिली, आणि त्या निमित्ताने माणसं एकमेकांना नावाने ओळखू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मुंबईतल्या मृतांचा आकडा ९०० आहे.

तेव्हा कुठे मुंबईला जाग आली. माजी पोलिस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलिस आयुक्त सतीश साहनी यांनी १९९४ पासून शहरात मोहल्ला कमिटीची चळवळ उभी केली. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान यांनी तेच काम हाताने आणि पायाने केलं. दोघांच्या मैत्रीवर 'नाता' नावाचा माहितीपट निघाला. त्या काळी या माणसांना 'चहा-बिस्किटवाले' म्हणून हिणवणारे पुष्कळ होते, डावीकडचेही आणि उजवीकडचेही. हिणवणाऱ्यांपैकी किती जण रात्री अफवा उठल्यावर गल्लीत उतरले, हे मला आजही विचारावंसं वाटतं. पण दुसरा हिशेबही चुकवला पाहिजे. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ साली विधिमंडळापुढे आला, आणि सरकारने तो बाजूला सारला. ज्यांची घरं जळाली त्यांना न्याय न देता 'आता सलोख्याने राहा' असं सांगितलं गेलं. सलोख्याचं काम करणाऱ्यांच्या खांद्यावर शासनाने आपलं पाप टाकलं, आणि ते ओझं घेऊन त्यांना दारोदार फिरावं लागलं.

मी जे जवळून पाहिलं ते त्यानंतरच्या दहा वर्षांत. ए. एन. रॉय पुण्याचे पोलिस आयुक्त असताना तिथल्या वस्त्यांमध्ये पोलिस पंचायती सुरू झाल्या, आणि २००४ साली ते मुंबईत आले तेव्हा त्या इथेही आल्या. त्यामागे झोपडपट्टीवासीयांचे नेते जॉकिन अर्पुथम आणि महिला मिलन या वस्त्यांतल्या संघटनेच्या बायका होत्या. एका पंचायतीत वस्तीतली दहा माणसं, त्यांत सात बायका आणि तीन पुरुष, आणि जोडीला एक पोलिस. सात बायका का, हे वस्तीत राहिलेल्याला समजावून सांगावं लागत नाही. साकीनाक्यात खैरानी रोडच्या मागे आमच्या गल्लीत जी बैठक भरे तिच्यावर कुठल्या संस्थेचा फलक नव्हता, पण रीत तीच.

तिथलं एक भांडण सांगतो. पाणी पहाटे साडेचारला येई. एक बिऱ्हाड संगमेश्वरकडचं, त्यांनी लाईनला मोटर लावली. टोकाचं बिऱ्हाड आझमगढचं, त्यांच्या नळाला नुसती हवा. हंडा फेकला गेला, एका पोराचं डोकं फुटलं, आणि दुपारपर्यंत नळाचं भांडण हिंदू-मुसलमानांचं झालं. गल्लीच्या दोन्ही तोंडांना पोरं जमली. बीटचे हवालदार आले. त्यांनी कोणाला चौकीत नेलं नाही. त्यांनी दोन बायकांना बोलावणं धाडलं. एक ब्लाऊज शिवणाऱ्या, सगळ्यांच्या मावशी, आणि एक बालवाडीत मुलं सांभाळणाऱ्या चाची. दोघी आधी डॉक्टरकडे जाऊन पोराला बघून आल्या. मग प्रत्येक घरात जाऊन, दार लोटून, बायकांचं वेगळं आणि पुरुषांचं वेगळं ऐकलं. रात्री बालवाडीच्या खोलीत सगळे जमले तेव्हा मावशींनी एकच अट घातली. आपली तक्रार नंतर, आधी समोरच्याची अडचण काय ती सांगायची.

संगमेश्वरचे काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्यांच्याकडे पाणी पोचत नाही. घरात तान्हं मूल आहे." आझमगढचे भाईजान म्हणाले, "इनकी सुबह की ड्यूटी है, इनको जल्दी भरना पड़ता है।" त्यानंतर आवाज चढला नाही. पहिला अर्धा तास मोटर बंद, टोकाच्या घरांनी आधी भरायचं, डॉक्टरचे पैसे हंडा फेकणाऱ्याने द्यायचे. शाळेच्या वहीत हे लिहून झालं, हवालदारांनी मोठ्याने वाचलं, दोघांनी सही केली. पण लिहितालिहिता चाचींनी विचारलं, की पाण्याचा जोर एवढा कमी का? सकाळी दोन्ही घरचे पुरुष मिळून पाईप बघायला गेले तर गटारातला जोड गळत होता. मग एकाच अर्जावर दोघांच्या सह्या झाल्या आणि तो अर्ज कुर्ल्याला एल वॉर्डात गेला. ठाण्यात एनसी झाली असती तर तो जोड तसाच गळत राहिला असता.

या कामाचे वैरीही होते. एका पक्षाच्या कार्यालयात भांडणं येईनाशी झाली तेव्हा तिथल्या पोरांनी मावशींच्या शिलाईच्या दुकानापुढे उभं राहून दम दिला होता. बैठकांचं चुकायचं तेही सांगितलं पाहिजे. नवऱ्याने मारलं म्हणून आलेल्या बाईला 'संभाळून घे' म्हणून परत पाठवलेलं मी पाहिलं आहे, आणि ती बाई पुन्हा मार खाऊन आली. मारहाणीत तडजोड नसते, तिथे गुन्हाच दाखल व्हायला हवा. कारखान्यात बोट गेलेल्या कारागिराला शेठने चार नोटा देऊन गावी धाडलं, आणि त्यालाही कोणी मिटवणं म्हटलं. मावशींनी मात्र त्या कारागिराचा कागद वहीत चिकटवायला नकार दिला होता.

२००७ साली १५ ऑगस्टपासून तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावोगावी समित्या झाल्या, बक्षिसं लागली. ती मोहीम गावांसाठी. खैरानी रोड, जरीमरी, काजूपाडा इथल्या दाटीला त्यात जागा नव्हती, जणू तंटे फक्त ग्रामपंचायतीच्या हद्दीत होतात.

मग २०१४ च्या जूनमध्ये मेट्रो सुरू झाली, भाडी चढली, झोपडपट्ट्यांच्या जागी पुनर्वसन योजनेच्या, एसआरएच्या, इमारती उठल्या. घर पक्कं मिळालं याचा आनंद मलाही आहे. पण ओटा गेला, सामाईक नळ गेला, आणि त्यांच्यासोबत दुसऱ्याच्या घरातलं काय बिनसलंय हे कळण्याची सोय गेली. आता सोसायटीचं भांडण उपनिबंधकाकडे किंवा सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातं आणि तारखा पडत राहतात. बीटचे हवालदार कोण हे कोणाला माहीत नाही. सणाआधी ठाण्यात शांतता समितीची बैठक होते, तिथे पुढच्या खुर्च्यांवर फ्लेक्सवरचे चेहरे बसतात आणि फोटो निघतो. खोपडे यांनी ज्यांना मुद्दाम बाहेर ठेवलं तेच आता आत आहेत.

केंद्राच्या २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचं एक प्रकरण आहे. वस्तीतली शांतता बिघडवू शकेल असं भांडण दोन्ही बाजूंच्या संमतीने तीन मध्यस्थांपुढे नेता येईल, असं त्यात म्हटलं आहे. झालेला समझोता न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येणार नाही, आणि ते योग्यच आहे, कारण मावशींच्या वहीलाही तेवढंच बळ होतं. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये कायद्याची काही कलमं लागू झाली त्यांत हे प्रकरण नव्हतं. उद्या लागू झालं तरी मध्यस्थांच्या यादीत कोण येणार? प्रतिष्ठित, सचोटीची माणसं आणि रहिवासी संघटनांचे प्रतिनिधी, असं कायदा सांगतो. खैरानी रोडवरच्या कारखान्यांच्या माळ्यांवर झोपणारे आणि भाड्याच्या खोल्यांत राहणारे लोक कुठल्याच संघटनेत नाहीत. बायकांच्या प्रतिनिधित्वाचा विचार करावा, असंही कायद्यात आहे. विचार पुरेसा नाही, दहात सात हे प्रमाण या शहरात एकदा वापरून झालेलं आहे. यादी करणाऱ्यांनी वॉर्ड ऑफिसात नावं मागवू नयेत. जिथे चाळी उरल्या आहेत तिथे पाण्याच्या वेळी यावं आणि कोणाच्या एका हाकेवर मोटर बंद होते ते बघून नाव लिहून घ्यावं.