हात जरा सैल सोड

दिवाळी अंकातल्या बायका आषाढातच नटून घेतात. बाहेर पावसाची झड लागलेली, नाशिकच्या गंगेला, म्हणजे गोदावरीला, पाणी किती चढलं, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, यावर स्टुडिओतल्या पोरांची पैज चाललेली, आणि आत मात्र लक्ष्मीपूजन. प्लास्टिकच्या झेंडूचं तोरण, तेलाऐवजी बल्ब लावलेल्या पणत्या, भिंतीला टेकवलेला जुन्या वाड्याचा खोटा दरवाजा. एका महिला मासिकाच्या दिवाळी अंकात पैठणीवर चार रंगीत पानं जायची होती. त्यांचा मजकूर माझ्याकडे होता, म्हणून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून सगळं बघायची मुभा मिळाली. पानांचा खर्च साडीच्या दुकानाने उचललेला. वर ‘जाहिरात’ असं छापायचं नव्हतं, ‘फॅशन’ असं छापायचं होतं. दिवाळी अंकाचा हिशेब ज्यांनी कधी पाहिलाय त्यांना यात काही वावगं वाटणार नाही.

मॉडेल नाशिकचीच. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, उंच, तरतरीत, सावळी. रंगाचं पुढे येईलच.

नुसत्या नेसवण्यातच सकाळ गेली. कोरी पैठणी अंगाला धरत नाही, फुगते. नेसवणाऱ्या बाई एरवी लग्नांत नवऱ्या मुली सजवतात. निरी निरी बोटांत धरून त्या वाफेने दाबत होत्या. शूट संपलं की हीच साडी दुकानात परत जाणार आणि विकली जाणार, त्यामुळे डाग नको, सुरकुती नको, पिनेचं भोक तर मुळीच नको. लागतील तेवढ्याच पिना, आणि प्रत्येक पिनेत आधी एक मणी ओवलेला, म्हणजे रेशीम पिनेच्या वळणात अडकत नाही. ब्लाऊजही दुकानाचाच, सगळ्या मुलींना एकच. या मुलीला तो ढगळ होत होता. मागे मूठभर कापड ओढून ते पाचसहा काळ्या क्लिपांनी आवळलं. समोरून बघावं तर अंगावर बेतून शिवलेला, मागून बघावं तर वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी. हेच पान घेऊन कुणीतरी बाई टेलरकडे जाणार आणि ‘अस्सं फिटिंग पाहिजे’ म्हणून हटून बसणार. त्या टेलरची मला तिथे बसल्या बसल्याच दया आली.

मग हातांची पाळी आली. मुलीला पितळी ताट दिलं, निरांजन, सुपारी, हळदीकुंकवासकट. तिने ते चारचौघींसारखं धरलं: अंगठे वर, बाकीची बोटं खाली, मनगटं ताठ. जड ताट धरायची दुसरी रीत नाही. फोटोग्राफर कॅमेऱ्यामागून म्हणाला, “हात जरा सैल सोड.” तिने सोडले, ताट कललं, सुपारी घरंगळत लाइटच्या स्टँडखाली गेली. शेवटी स्टुडिओतला एक पोरगा उकिडवा बसला आणि त्याने खालून ताट पेललं. मुलीने कडेला नुसती बोटं टेकवली. “आता कसं! मान थोडी डावीकडे. एक गुडघा दुमड. ओठ मिटू नकोस.” पोरगा नंतर संगणकावर पुसला जाणार होता.

दिवसभर मी तिचे हातच बघत राहिलो. दाराच्या कडीवर हात आहे, पण दार उघडत नाही. फुलांच्या परडीवर आहे, पण फूल उचलत नाही. एकदा कानातल्या झुब्याला लागलेला, एकदा स्वतःच्याच गालाला. एर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने ‘जेंडर ॲडव्हर्टाइजमेंट्स’ या १९७९ सालच्या पुस्तकात मासिकांतल्या शेकडो जाहिराती ओळीने मांडून नेमकं हेच दाखवलंय. जाहिरातीतला पुरुष वस्तू पकडतो, वापरतो. बाई तिच्या कडेवरून बोट फिरवते, तिला हलकेच स्पर्श करते, नाहीतर स्वतःलाच. कललेली मान आणि दुमडलेला गुडघा हेही त्याने टिपलेत. ती चित्रं अमेरिकेतली, त्यांत ना पैठणी ना निरांजन. आमच्या फोटोग्राफरने गॉफमनचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्याला कुणी शिकवलं असं विचारलं तर म्हणाला, “शिकवायचं काय त्यात? घट्ट धरलं की बाई कामवाली दिसते.”

हे वाक्य मी तेव्हाच वहीत लिहून घेतलं.

तरी सगळा दोष कॅमेऱ्याच्या माथी मारणं बरोबर नाही. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची, १८४० सालच्या त्या संस्थेची, पायरी चढत आमच्या तीन पिढ्या वाढल्या. घरात मासिकं यायची आणि आधी मुखपृष्ठ बघण्यावरून भांडणं व्हायची. तेव्हा फोटो नव्हता, चित्र होतं. मडगावचे चित्रकार दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा अंक सुरू केला. त्यांच्या बाईचे ते लांबट डोळे आणि एका रेषेत उतरलेला खांदा आजही मला मोहात पाडतो, खोटं कशाला बोला. रघुवीर मुळगावकरांच्या ‘रत्नप्रभे’वरच्या ललना त्याहून गुळगुळीत. मुळगावकर ब्रशच्या जोडीला स्प्रे वापरायचे. फवाऱ्याने चढवलेल्या रंगाला कुंचल्याचा माग राहत नाही. गालावर प्रकाश नुसता साचलेला, रंध्र नाही की रेष नाही. फोटोशॉप बाजारात आलं १९९० साली. बिनरंध्रांची कातडी मराठी दिवाणखान्यात त्याच्या कितीतरी आधी भिंतीवर टांगलेली होती, कॅलेंडरातल्या लक्ष्मीच्या रूपाने.

त्या काळच्या मुखपृष्ठांवर गवळण असे, कोळीण असे, मोळीवालीही असे. दंडाला मात्र मोळीचा पत्ता नसे. शंकरराव किर्लोस्करांनी १९३० मध्ये ‘स्त्री’ काढलं तेव्हापासून मराठी बायकांच्या मासिकांतला मजकूर कुठल्या कुठे गेला. विद्या बाळ ‘स्त्री’च्या संपादक होत्या, पुढे १९८९ मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलं. मजकुरातली बाई नोकरीला लागली, कोर्टात गेली, एकटी राहू लागली. चकचकीत पानावरची बाई अजून ताटाला बोटं टेकवूनच उभी आहे. एकाच अंकात राहून या दोघींची कधी गाठ पडली नाही.

खरी मौज संगणकापाशी. पावसामुळे वीज जाऊन येऊन होती. एडिटिंग करणारा मुलगा इन्व्हर्टरकडे एक कान ठेवून बसलेला. पहिल्यांदा त्याने काय करावं? साडीभोवती बारीक कडा आखून ती वेगळी काढली आणि कुलूपबंद करून टाकली. आता फोटोत काहीही बदललं तरी साडीला धक्का लागणार नाही. शूटच्या सुरुवातीलाच साडीजवळ रंगांच्या चौकटींचं एक कार्ड धरून फोटो घेतलेला होता, त्यावरून त्याने साडीचा रंग ताडून पाहिला. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असल्याने ही पैठणी उजेड फिरला की रंग फिरवते. ते छपाईत धरणं मोठं कटकटीचं. दुकानाचा माणूस प्रत्यक्ष साडी मांडीवर घेऊन शेजारी बसला होता. “छापलेला रंग वेगळा आला तर गिऱ्हाईक दुकानात येऊन भांडतं,” तो म्हणाला.

मग मुलगी. तिला कुलूप नाही. एडिटरने चेहऱ्याचे दोन थर केले: एकात कातडीचा पोत, दुसऱ्यात रंग. रंगाचा थर पसरवून सारखा केला, पोताचा निम्मा पुसला. गळ्याच्या वळ्या गेल्या, कोपराचा काळपटपणा गेला, काखेजवळची घडी गेली. मनगटावर तव्याचा जुना चटका होता, पिकल्या विड्याच्या पानाच्या देठाएवढा. तो एका टिचकीसरशी नाहीसा झाला. कंबर दोन्ही बाजूंनी जराशी आत सारली, साडीचा काठ वाकडा होणार नाही याची काळजी घेऊन. शेवटी अख्ख्या अंगाचा रंग दोन छटा उजळला. “एवढी गोरी कुणी सांगितली?” मी विचारलं. “सांगत कोणी नाही,” तो म्हणाला, “नाही केली तर मात्र परत येतं.”

एवढ्यात त्याला पदरावर एक बारीक गाठ दिसली. मोराच्या पिसाऱ्याशी धागा जोडलेला. सवयीने त्याने तिकडेही ब्रश नेला. दुकानाचा माणूस जवळजवळ ओरडला, “अरे, ती नको काढू! हातमागाची खूण आहे ती. यंत्रमागाचा माल सगळा एकसारखा असतो.” गाठ राहिली. चटका गेला.

मला वाटतं, आपल्याकडच्या फॅशनच्या पानावर बाईचं काय होतं ते एवढ्यातच आलं. कापडावरची हाताची खूण म्हणजे अस्सलपणा, तिची किंमत वाढते. अंगावरची हाताची खूण म्हणजे खोट. एडिटरच्या मनात बाईविषयी काही अढी नव्हती. तो बिचारा दोन बहिणींच्या फिया भरतो. साडी परत येते, बाई परत येत नाही. त्याने सांभाळायचं ते सांभाळलं.

कायद्याचं म्हणाल तर स्त्रियांचं असभ्य चित्रण रोखणारा कायदा आपल्याकडे १९८६ सालचा आहे. त्याची नजर उघड्या अंगावर आणि अश्लीलतेवर. नखशिखांत पैठणीत झाकलेल्या बाईचा वर्ण बदलला तर त्याच्या लेखी काहीच घडलेलं नाही. जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये सावळ्या रंगाला कमी लेखू नका असं जाहिरातवाल्यांना बजावलं. १९७५ पासून घराघरांत असलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ केलं. पण आमची पानं जाहिरात थोडीच होती, ‘फॅशन’ होती! फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलची अंगकाठी बदलली असेल तर ‘फोटोत फेरफार केला आहे’ अशी ओळ छापावी लागते. तशी ओळ मी माझ्या मजकुरात घालू का, असं संपादकांना गमतीने विचारलं. त्या हसल्या, आणि दुकानाचा पत्ता बरोबर आहे ना ते बघायला सांगितलं. साडीचं नाव, दागिने कुठले, मेकअप कोणाचा, केशरचना कोणाची, सगळं पानाखाली येणार होतं. मुलीचं नाव घालायला जागा नव्हती.

पैठण्या विणतात ते येवला नाशिकहून ऐंशीएक किलोमीटर. साडी विणताना बघितल्याशिवाय मला मजकूर लिहिता येईना, म्हणून गेलो. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं २०१० साली, पण माग अजून घरातच असतात, माजघराला लागून, आणि खटखट गल्लीच्या तोंडापासूनच ऐकू येते. मी ज्या मागाशी बसलो तिथे पदर विणत होत्या त्या चाळिशीच्या एक ताई. पदरात बांगडी मोर होता. प्रत्येक रंगाची कांडी वेगळी, ओळीने डझनावारी लोंबणारी. ताई एक कांडी काढून हव्या तेवढ्याच धाग्यांखालून घालायच्या, शेजारच्या रंगात अडकवायच्या आणि पुढची घ्यायच्या. अशी एक ओळ पुरी झाली की फणी ठोकायची. म्हणूनच अस्सल पदर उलटसुलट सारखा दिसतो, मागे मोकळे धागे लोंबत नाहीत. त्यांची नखं बुडापासून कापलेली होती, वाढली तर रेशीम अडकतं. तर्जनीच्या कडेला धाग्याने पाडलेली एक चर. ते हात कशाला नुसते टेकत नव्हते. मोबाइल वाजला तेव्हा तोसुद्धा त्यांनी कांडीसारखा चिमटीत उचलला.

या हातांचा एक फोटो घ्या, असं मी परत येऊन सुचवलं. संपादक तयार झाल्या, कोपऱ्यात छोटी चौकट द्यायला. मग माझंच मन कचरलं. ऑगस्ट २००८ च्या ‘व्होग इंडिया’त खेड्यातल्या गरीब माणसांच्या अंगावर महागड्या वस्तू चढवून फोटो काढले होते. समोरचे दात पडलेली एक बाई, तिच्या कडेवरच्या पोराच्या गळ्यात फेंडीचं लाळेरं. वस्तूंची नावं छापली, माणसांची नाही, म्हणून टीका झाली आणि ती रास्तच होती. त्याच मासिकाचा भारतातला पहिला अंक आला होता ऑक्टोबर २००७ मध्ये. त्यावर बिपाशा बासू आणि प्रियांका चोप्रा यांच्या मधोमध उभी होती जेमा वॉर्ड, ऑस्ट्रेलियाची. मधली जागा गोरीला आणि बाजूची आपल्याला, हे एकदा गळी उतरलं की विणकरणीला कोपऱ्यातली चौकट देणं हा मोठेपणाच वाटायला लागतो. मी ताईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, हाताचा नको, माझा काढा, आणि नाव घाला. शेवटी जागेअभावी दोन्ही राहिलं.

दिवाळीनंतर अंक घेऊन येवल्याला गेलो. ताईंनी पान डोळ्यांजवळ धरलं. मुलीचा चेहरा त्यांनी पाहिला की नाही कुणास ठाऊक. थेट पदरावर आल्या, मोर मोजले, आणि कपाळाला आठी पडली.

“ही काय गुजरातीण आहे का?”

पदर उजव्या खांद्यावर होता. स्टुडिओत तो डाव्याच खांद्यावर नेसवलेला मी डोळ्यांनी पाहिला होता. मांडणी करणाऱ्याला फोन लावला तेव्हा उलगडा झाला. फोटो उजव्या हाताच्या पानावर गेला आणि मुलगी पानाबाहेर बघत होती. चेहरा नेहमी मजकुराकडे वळलेला हवा, म्हणून त्याने अख्खी बाईच आरशातल्यासारखी फिरवून टाकली, कुलूपबंद साडीसकट.

दुकानदाराला कळलं तेव्हा तो चांगलाच भडकला, पण तोवर त्या पैठणीला चार गिऱ्हाइकं येऊन गेली होती. आता त्याने फोटोग्राफरला बजावून ठेवलंय: पुढच्या वर्षी प्रत्येक साडीचे दोन्हीकडे तोंड करून फोटो घे.