पावत्या दोनदा का गेल्या?

सभासद मंडळी, वर्गणीच्या पावत्या यंदा संगणकाने आपोआप ई-मेलवर पाठवल्या आणि काही घरी एकच पावती दोनदा पोचली. "वर्गणी दोनदा घेतली का?" असे फोन आले. घेतली नाही. त्या संध्याकाळी खजरान्यात लाइट गेली, काम अर्ध्यात थांबले आणि आम्ही ते पहिल्यापासून पुन्हा चालवले. चूक आमचीच.

बँकेत नोकरी केलेल्या माणसाकडून ही व्हायला नको होती. दिवसअखेरीचे काम टप्प्याटप्प्याने चालते. व्याज जमा झाल्यावर यंत्र अडले आणि सगळे पुन्हा सुरू केले, तर व्याज दोनदा! म्हणून आधी विचारायचे, कुठवर झाले? आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर तर 'रीस्टार्ट' लिहून टप्प्याचे नाव दिले की काम तिथूनच सुरू होते.

घरच्या संगणकावर हे टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत होते. लिनक्सवर आज्ञा संपताच 'इको', मग डॉलर आणि प्रश्नचिन्ह टाइप करा. शून्य आले तर काम पार पडले, दुसरा आकडा आला तर अडले. बँकवाल्यांना हे लगेच पटेल: फरक शून्य, तर दिवस जुळला.

आयटीतली आपली मुले अशी कामे गिटहबवर लावतात. तिथे 'जीएच रन रीरन', पुढे कामाचा क्रमांक आणि 'फेल्ड' हा पर्याय दिला की अडलेले भाग आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले भागच पुन्हा चालतात. ही सोय 30 दिवसच मिळते. शिवाय प्रोग्राम जुनाच चालतो, नंतर केलेली दुरुस्ती त्यात येत नाही. खरी मेख पुढे आहे. अडलेला भाग स्वतः मात्र पहिल्यापासून सुरू होतो. 40 पावत्या गेल्यावर अडला, तर त्या 40 पुन्हा जाणार. कोणाला गेली, हे आज्ञेला ठाऊक नसते.

म्हणून लेजरमधली टिक हवीच. आता यादीत 'पाठवली' असा रकाना केला आहे. पावती गेली की लगेच नोंद, आणि नोंद असलेले नाव पुढच्या वेळी वगळले जाते. पावती जाऊन नोंद होण्याआधीच लाइट गेली, तर एका नावाची शंका उरते. ते आम्ही हाताने तपासू.

ज्यांच्याकडे दोन आल्या, त्यांनी पावती क्रमांक पाहावा. तो एकच असेल, तर एक पुसून टाकावी. क्रमांक वेगळे दिसले तर मात्र कोषाध्यक्षांना जरूर कळवा.