मधुमेह आणि दृष्टिपटलाचे छायाचित्र

डोळ्याची बाहुली ही शरीराच्या अंतर्भागात उघडणारी एक लहानशी खिडकीच होय. तिच्यातून प्रकाश आत सोडला असता डोळ्याच्या मागील भिंतीवर पसरलेले दृष्टिपटल आणि त्यावरील रक्तवाहिन्यांचे जाळे शस्त्रक्रियेवाचून पाहता येते. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्स यांनी यासाठी तयार केलेल्या उपकरणाचे वर्णन १८५१ साली प्रसिद्ध झाले. पुढे कॅमेऱ्याची जोड मिळाल्यावर डोळ्यांनी पाहिलेले दृश्य कायमचे जतन करणे शक्य झाले. मधुमेहाच्या बाबतीत या सोयीचे मोल फार मोठे आहे.

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली म्हणजे दृष्टिपटलातील केशवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होतात. त्यांवर ठिकठिकाणी सूक्ष्म फुगवटे येतात. छायाचित्रात ते लाल टिंबांसारखे दिसतात आणि बहुधा हेच विकाराचे पहिले दृश्य चिन्ह असते. पुढे या भिंतींतून रक्त व द्रव पाझरू लागतो. मेदयुक्त द्रव्य साठून पिवळसर ठिपके उमटतात. काही केशवाहिन्या बंद पडतात. प्राणवायूची उणीव भासू लागलेल्या दृष्टिपटलावर मग नव्या रक्तवाहिन्या फुटतात. परंतु त्या अतिशय नाजूक असतात. त्या फुटल्या तर डोळ्यात रक्तस्राव होतो, आणि त्यांच्यासोबत वाढणाऱ्या तंतूंच्या ओढीने दृष्टिपटल सुटूही शकते.

या विकाराचा खरा धोका त्याच्या मूकपणात आहे. डोळा दुखत नाही, लाल होत नाही; पुष्कळदा वाचनही नीट चालू असते. ‘मला स्वच्छ दिसते, मग तपासणी कशाला?’ हा रुग्णाचा प्रश्न स्वाभाविक असला, तरी त्यातील तर्क फसवा आहे. दृष्टी मंदावल्याचे जाणवेपर्यंत उपचाराची उत्तम वेळ निघून गेलेली असू शकते. म्हणूनच प्रौढपणी होणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान होताच, आणि त्यानंतर सर्वसाधारणपणे दरवर्षी, दृष्टिपटल तपासावे असे सांगितले जाते.

छायाचित्र घेण्याची रीत सोपी आहे. आवश्यक तर थेंब घालून बाहुली मोठी करतात. रुग्ण हनुवटी टेकवून बसतो, आणि क्षणभर प्रकाश चमकतो. हिरव्या प्रकाशातील चित्रात रक्तवाहिन्या व रक्तस्राव अधिक गडद दिसतात. मग तज्ज्ञ चिन्हांची मोजदाद करून विकाराची पायरी ठरवितो. दृष्टिपटलाच्या चारही चतुर्थांशांत पुष्कळ रक्तस्राव असणे, किंवा दोन चतुर्थांशांत नीला मण्यांच्या माळेसारख्या फुगलेल्या असणे, ही तीव्र अवस्थेची लक्षणे मानली जातात. गतवर्षीचे चित्र शेजारी ठेवले की विकाराची गतीही कळते.

या साधनाला मर्यादाही आहेत. साधे छायाचित्र सपाट असते; मध्यवर्ती पीतबिंदूवर किती सूज आहे, हे त्यातून निश्चित कळत नाही. त्यासाठी प्रकाशकिरणांनी दृष्टिपटलाचा उभा छेद दाखविणारी, १९९१ साली प्रथम वर्णिलेली पद्धत उपयोगी पडते. मोतीबिंदूमुळे चित्र धूसर आले, तर ‘दोष दिसला नाही’ याचा अर्थ ‘दोष नाही’ असा कदापि घेऊ नये.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लक्ष रुग्ण आहेत. इतक्या लोकांचे डोळे तपासण्यास नेत्रतज्ज्ञ पुरे पडणे कठीण. तेव्हा खेड्यात प्रशिक्षित कर्मचाऱ्याने चित्र घ्यावे आणि शहरातील तज्ज्ञाने ते वाचावे, हा मार्ग पुढे आला. चित्रे वाचण्यासाठी संगणकालाही शिकविण्यात आले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका संशोधनात सुमारे १ लक्ष २८ हजार चित्रांचा उपयोग करण्यात आला होता. त्यांत भारतातील नेत्ररुग्णालयांतील चित्रेही होती.

तथापि, चित्र म्हणजे उपचार नव्हे. योग्य वेळी लेसर किरणांचा उपचार केल्यास तीव्र दृष्टिनाशाचा संभव निम्म्याहून कमी होतो, हे अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने १९७६ सालीच दाखविले. आता डोळ्यात द्यावयाची परिणामकारक इंजेक्शनेही उपलब्ध आहेत. परंतु चित्रात धोक्याची खूण आढळलेला रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचलाच नाही, तर उत्तमातील उत्तम कॅमेराही व्यर्थ ठरतो. साखर व रक्तदाब यांवर नियंत्रण, वेळच्या वेळी तपासणी आणि तत्पर उपचार या तिन्हींची सांगड पडली, तरच दृष्टीचे रक्षण होते.