आकडे बरोबर, नावे एक घर खाली

रक्ततपासणीचा अहवाल हातात आला की आपण आधी डावीकडचे नाव वाचतो, मग समोरचा आकडा. हिमोग्लोबिन १३.५, क्रिएटिनिन ०.९. आता नावांची रांग तेवढी एक घर खाली सरकली आहे असे समजा. आकडा एकही चुकलेला नाही, पण हिमोग्लोबिनसमोर ०.९ आले आहे. असा अहवाल कोणताही डॉक्टर तिथल्या तिथे परत पाठवेल. मात्र यादी दहा-बारा ओळींची नसून हजारो जनुकांची असेल, तर ही घसरण डोळ्यांना दिसत नाही.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील एका संशोधनात असेच घडले. अनिल पोट्टी आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध २००६ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. गाठीतील जनुकांची सक्रियता मोजून, कोणत्या रुग्णाला केमोथेरपीचे कोणते औषध लागू पडेल हे आधीच सांगता येते, असा त्यात दावा होता. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील डॉक्टरांनाही ही पद्धत हवीशी वाटली. ती नीट समजून घेण्याचे काम तेथील संख्याशास्त्रज्ञ किथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स यांच्याकडे आले.

त्यांनी तेच आकडे घेऊन गणित पुन्हा मांडले, तर छापलेली जनुकांची यादी काही जुळेना. यादी एका ओळीने सरकवली आणि ती जुळू लागली! कारण अगदी साधे होते. ड्यूकच्या सॉफ्टवेअरला दोन वेगळ्या फाइल लागत. एकीत मोजमापे, दुसरीत त्याच क्रमाने जनुकांची नावे. नावांच्या फाइलला वर शीर्षकाची ओळ चालत नसे. ती राहिली, की पुढचे प्रत्येक नाव शेजारच्या जनुकाच्या आकड्याला चिकटे. काही औषधांच्या बाबतीत तर ‘दाद देणारी’ आणि ‘दाद न देणारी’ पेशी दाखवणाऱ्या ० आणि १ या खुणाच उलट्या लागल्या होत्या. म्हणजे ज्या औषधाला गाठ बधणार नाही, नेमके तेच सुचवले जाण्याचा धोका.

आणि हे कागदावरच राहिले नव्हते. या पद्धतीवर आधारलेल्या चाचण्या २००७ पासून प्रत्यक्ष रुग्णांवर सुरू झाल्या होत्या. शंभराहून अधिक रुग्ण त्यांत दाखल झाले. चाचण्या कायमच्या थांबल्या २०१० मध्ये, निबंध मागे घेतला गेला २०११ मध्ये. सगळा दोष सरकलेल्या यादीचा नव्हता, हेही खरे. पोट्टी यांनी खोटी माहिती वापरल्याचा निष्कर्ष तेथील सरकारी यंत्रणेने २०१५ मध्ये काढला. पण संशयाचा पहिला धागा सापडला तो या घसरलेल्या नावांतच.

बॅगर्ली आणि कूम्ब्स यांनी आपली पडताळणी ‘आर’ या भाषेत केली. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकात घडवलेली ही संख्याशास्त्राची भाषा आज वैद्यकीय संशोधनात सर्रास वापरली जाते. तिच्यात तक्त्याच्या प्रत्येक रकान्याला, म्हणजे प्रत्येक चलाला, स्वतःचे नाव असते. तरीही रकाना दोन प्रकारे मागता येतो. ‘तिसरा रकाना दे’ असे क्रमांकाने, किंवा डॉलरचे चिन्ह देऊन ‘वय दे’ असे नावाने. क्रमांकाने मागितला आणि पुढच्या महिन्यात कोणी मध्येच फोन नंबराचा रकाना घातला, तर तिसऱ्या जागी वयाऐवजी भलतेच काही येऊ शकते. तेही आकडेच असले, तर संगणक मुकाट्याने त्यांची सरासरी काढून देईल. नावाने मागितला तर रकाना कुठेही जावो, वयच मिळते.

नावाने हाक मारण्यातही एक खोच आहे. डॉलरच्या चिन्हाने मागताना नाव अर्धवट लिहिले, तरी आर तशी सुरुवात असलेला एकमेव रकाना शोधून देते. ही सोय मला तरी आगाऊपणाची वाटते. त्याहून वाईट म्हणजे नाव सापडलेच नाही, तर ती तक्रार न करता ‘काही नाही’ असे उत्तर देते, आणि ‘काही नाही’ची बेरीज शून्य होते. मृत्यूंच्या रकान्याच्या इंग्रजी नावाचे पहिले अक्षर तक्त्यात मोठे असेल आणि तुम्ही ते लहान लिहिले, तर एकूण मृत्यू शून्य! म्हणून जाणकार चौकटी कंसात, स्वल्पविरामानंतर, अवतरणचिन्हांत पूर्ण नाव लिहितात. तिथे असा रकाना नाही असे सांगून आर थांबते.

रकान्याचे नाव बरोबर असूनही आतल्या १ आणि २ चा अर्थ हरवू शकतो. श्वसनमार्गाच्या सीओपीडी या विकाराच्या २४० रुग्णांवरील अभ्यास ‘जामा’मध्ये २०१८ मध्ये छापून आला. घरी गेल्यावरही मदत दिल्याने रुग्णालयाच्या फेऱ्या कमी होतात, असा त्याचा निष्कर्ष होता. गटांच्या १ आणि २ या खुणा ० आणि १ मध्ये बदलताना त्या उलट झाल्याचे पुढे संशोधकांच्याच लक्षात आले आणि त्यांनीच ते जाहीर केले. २०१९ मध्ये निबंध मागे घेऊन दुरुस्त आवृत्ती छापली गेली. तिच्यात मदत मिळालेल्या गटाच्या फेऱ्या जास्त होत्या.