घरपोच सही

गेल्या वर्षीची गोष्ट. २६ जानेवारी होऊन तीन-चार दिवस झाले असतील. सकाळी मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसलो होतो, तेवढ्यात ग्रामपंचायतीचा शिपाई आला. काखेत जाड पुठ्ठ्याचे रजिस्टर, खिशाला बॉलपेन.

"काका, एक सही द्या."

"कसली रे?"

"सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेची. तुमची राहिलीय."

ती राहिली होती, कारण मी सभेला गेलोच नव्हतो. झेंडावंदनाला गेलो होतो, शाळेच्या मुलांची कवायत पाहिली होती, जिलबी घेऊन घरी परतलो होतो. हे शिपायालाही ठाऊक होते. तरीही मी चष्मा लावला आणि सही केली. पूर्ण नावानिशी, खाली रेघ ओढून, बँकेतल्या तीस वर्षांच्या सवयीने. वर त्याला चहा पाजला. याच बँकेत असताना कोऱ्या व्हाउचरवर सही करून ठेवणाऱ्या एका पोरसवदा कारकुनाला मी सगळ्यांसमोर झापले होते, हे मला त्या वेळी आठवलेसुद्धा नाही.

शिमगा झाल्यावर एका संध्याकाळी थोरल्या वहिनी आल्या. दादा गेल्यापासून शेताचे सगळे त्याच पाहतात. पाण्याचा तांब्याही हातात न घेता म्हणाल्या, "भाऊजी, माळावर खडीचा क्रशर येतोय. शाळेपासून हाकेच्या अंतरावर. आणि तुम्ही त्याला हो म्हणालात म्हणे."

"मी? कोणी सांगितलं?"

"ठरावाखाली सही आहे तुमची. माझ्या पुतण्यानं पाहिली."

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवकांना आमचे गाव अजून 'भाऊसाहेब'च म्हणते. भाऊसाहेब म्हणाले, अर्ज करा. मी दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज केला आणि तीन आठवड्यांनी इतिवृत्ताची नक्कल हातात पडली. हजर मतदार ११२. विषय क्रमांक सहा, खडी क्रशरला ना-हरकत. चर्चेअंती सर्वानुमते मंजूर. त्या सकाळी मारुतीच्या सभामंडपात तीसेक माणसे होती, असे नंतर तिथे बसलेल्यांनीच सांगितले. म्हणजे उरलेले ऐंशी जण माझ्यासारखे, घरपोच.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते: गावातल्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतला जो आकडा कमी असेल तो. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला पुन्हा गणपूर्तीची अट नसते. म्हणजे दोन वाटा मोकळ्या राहतात. एक तर रजिस्टर घरोघर फिरवायचे, नाही तर सभा तहकूब करून पुढच्या वेळी मोजक्यांत उरकायची. दोन्ही वाटांना आपण घरी बसलेलो असणे पुरते.

आपल्याकडे लोकशाही म्हटले की मतदानाचा दिवस डोळ्यांसमोर येतो. बोटाला शाई लागली की पाच वर्षांची जबाबदारी संपली, आणि मग पाच वर्षे पुढाऱ्यांच्या नावाने बोटे मोडायला आपण मोकळे. मीही त्यातलाच. पण २४ एप्रिल १९९३ रोजी ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभा घटनेत गेली. लोकसभेत, विधानसभेत, जिल्हा परिषदेत आपण दुसऱ्या कोणाला पाठवतो. ग्रामसभेत कोणाला पाठवायचे नसते. गावच्या मतदार यादीत नाव लागले की माणूस तिचा सभासद होतो, आणि नाव आहे तोवर त्याला तिथून कोणी काढू शकत नाही. सरपंच बदलतो, पंचायत बरखास्तही होते. ग्रामसभा बरखास्त होत नाही. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार सभा, आणि त्यांच्या आधी बायकांची वेगळी सभा, असे कायदा सांगतो. जमाखर्च तिथे वाचायचा असतो. कोणत्या योजनेचा लाभ कोणाला द्यायचा, तेही तिथेच ठरवायचे असते.

मग माणसे जात का नाहीत? आळस हे उत्तर सोपे आहे, पण पुरे नाही. मजुरी बुडवून सभेला बसणे ज्याला परवडत नाही त्याला आळशी कसे म्हणायचे? सगळे आधीच ठरलेले असते, हा अनुभवही खोटा नाही. शिवाय गाव लहान. ज्याच्या विरुद्ध बोलायचे तो चुलतभाऊ असतो, नाही तर त्याच्या विहिरीवरून आपल्याला पाणी घ्यायचे असते. शहरातल्या माणसाला ही अडचण कळत नाही. हात वर करणे म्हणजे कधी कधी वर्षभराचे बोलणे बंद करून घेणे असते.

तरीही काही गावे बसतात. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे सुमारे शंभर घरांचे गोंड आदिवासींचे गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा आता पुष्कळांना पाठ आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्याविषयी लिहिलेही पुष्कळ गेले आहे. मला त्या घोषणेपेक्षा तिच्यामागची बैठक मोठी वाटते. तिथे निर्णय बहुमताने घेत नाहीत, सर्वसहमतीने घेतात. कोणाला पटले नाही तर विषय थांबतो, पुन्हा बोलणे होते. त्याखेरीज अभ्यासगट भरतो. कायदा काय म्हणतो, जंगलाचे नियम काय आहेत, हे गाव मिळून समजून घेते. २००६चा वनहक्क कायदा आला तेव्हा त्याचा अर्थ सांगायला त्यांना वकील शोधत हिंडावे लागले नाही. २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. बांबू हे गौण वनोपज आहे, असे कायदा म्हणत होता आणि वनखाते ते मानायला तयार नव्हते. गावाने तो वाद सोडला नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले.

मेंढ्यातही 'सर्वानुमते' आणि आमच्या इतिवृत्तातही 'सर्वानुमते'. असो.

कागदावरच्या नावांची गोष्ट निघाली म्हणून राजस्थान आठवले. डिसेंबर १९९४मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराणा गावात मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. त्या काळात अशा सुनावण्यांत सरकारी कामांची हजेरीपत्रके चारचौघांत मोठ्याने वाचली जात. नाव वाचले की ज्याचे नाव तो उठून सांगे, मी या कामावर गेलोच नव्हतो. काही नावे तर कधीच्या मेलेल्या माणसांची निघत. पुढे माहितीच्या अधिकाराचा जो कायदा २००५मध्ये देशभर आला, त्याचे एक मूळ या वाचनात आहे. तिथे दुसऱ्याने खोटी नावे घातली होती. माझे नाव मीच घातले होते.

घरी बसण्याचा हिशेब आपल्या राज्यात एका ठिकाणी अगदी उघड मांडला जातो. दारूचे दुकान बंद करण्यासाठी बायकांनी मागणी केली की मतदान होते. चिठ्ठीवर एक बाटली उभी, एक आडवी. २००८च्या नियमानुसार बायकांच्या मतदानात आडव्या बाटलीला गावातल्या एकूण स्त्री मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते पडावी लागतात, नुसत्या मतदानाला आलेल्यांच्या नव्हे. म्हणजे जी बाई त्या दिवशी घरी राहिली, तिचे मत आपोआप उभ्या बाटलीला. मला पूर्वी हा नियम अन्यायाचा वाटे. आता वाटते, निदान तो स्पष्ट तरी आहे.

शहरातल्या वाचकांनी मात्र आम्हाला हसू नये. तुमच्यासाठीही कायद्यात २००९मध्ये क्षेत्रसभा आली. पण अशा सभेला बसून आलेला शहरवासी मला अजून भेटायचा आहे. पुणे महापालिकेने २००६पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घ्यायला सुरुवात केली. बाक, पदपथ, दिवे अशी लहान कामे अर्ज भरून सुचवता येतात. माझी बहीण कोथरूडला तीस वर्षे राहते. तिला विचारले, तर म्हणाली, "असं काही असतं?"

तर आमची १ मेची सभा. आदल्या दिवशी बायकांची सभा होती. तिला दरवेळी पाच-सहा जणी असायच्या. वहिनींनी दारोदार हिंडून त्या दिवशी साठ जमवल्या. दुसऱ्या दिवशी मारुतीच्या मंडपात बसायला जागा नव्हती. विषय निघाला तसा मी उठलो. हातात नक्कल होती, आणि खोटे कशाला सांगू, हात कापत होता. म्हणालो, "ही सही माझी आहे. पण त्या दिवशी मी सभेत नव्हतो. सही घरी केली."

मागे कोणी तरी हसले. सरपंच तरुण आहे, माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने शांतपणे विचारले, "काका, मग केलीत कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी तसाच उभा राहिलो. मग कोपऱ्यातून एक जण म्हणाला, "माझीबी तशीच हाय." मग आणखी दोघे. त्यानंतर दोन-अडीच तास बोलणे चालले. क्रशरच्या बाजूनेही माणसे बोलली, आणि नीट बोलली. गावातल्या दहा-बारा पोरांना काम मिळेल, ती सध्या तालुक्याला वणवण हिंडतात, असे एक बाप सांगत होता. त्याला धुळीच्या गोष्टी सांगून गप्प करणे शक्य नव्हते आणि कोणी केलेही नाही. जागा शाळेपासून लांब, ओढ्यापलीकडे पाहावी, तोवर आधीचा ठराव अमलात आणू नये, असे ठरले. तसे पत्र तहसीलदारांकडे गेले. तिथून अजून काही कळलेले नाही. क्रशर आलेला नाही, आणि पोरांना कामही मिळालेले नाही.

२ ऑक्टोबरची सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली, हेही सांगितले पाहिजे. सोयाबीनची काढणी चालू होती.

यंदा प्रजासत्ताक दिनानंतर शिपाई पुन्हा रजिस्टर घेऊन आमच्या गल्लीत दिसला. माझ्या दारावरून तो खाली मान घालून पुढे गेला आणि शेजारच्या अण्णांकडे शिरला. अण्णा माझ्या वर्गातले. मी भिंतीपलीकडून हाक मारली, "अण्णा, सही करू नकोस हं."

"अरे, माझे गुडघे," अण्णा म्हणाले. "सतरंजीवर दोन तास मला बसवत नाही. मी काय करू सांग."

सभामंडपात म्हाताऱ्या माणसांसाठी भिंतीकडेने दहा खुर्च्या ठेवाव्यात, असा अर्ज मी ग्रामपंचायतीत दिला आहे. पोच घेतली आहे.