केकला घाम का फुटतो?

जुलै महिन्यात मुंबईत, रत्नागिरीत किंवा पणजीत वाढदिवसाचा केक फ्रिजमधून काढून टेबलावर ठेवा. थोड्याच वेळात फाँडंटवर बारीक थेंब उभे राहतात, साखरेची फुलं चिकट होतात आणि नावाच्या अक्षरांचा रंग ओघळू लागतो. आपलं आयसिंग बिघडलं, असं करणारीला वाटतं. खरं तर त्यात तिची काहीच चूक नसते. पावसाळ्यात किनारपट्टीवरच्या हवेचा दवबिंदू 25 अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. म्हणजे त्याहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर हवेतली वाफ पाणी होऊन बसणार. केक फ्रिजमधून निघतो तेव्हा 4-5 अंशांवर असतो, आणि फाँडंट म्हणजे जवळपास सगळी साखरच. पाणी मिळालं की ती विरघळते.

यावर उपाय सोपा आहे. फाँडंटचा केक पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद करून मगच फ्रिजमध्ये ठेवायचा आणि बाहेर काढल्यावर तो खोलीइतका कोमट होईपर्यंत खोकं उघडायचं नाही. दव धरायचं ते खोक्यावर धरतं. एसी लावलेली खोली असेल तर आणखी बरं, कारण एसी हवेतला ओलावाही काढून घेतो.

घरी केक करणाऱ्यांच्या बऱ्याच अडचणी अशाच आहेत. त्या हाताच्या कमी आणि हवेच्या जास्त. ज्या कृती आपण वाचतो, त्यांतल्या बहुतेक थंड देशांत घडल्या. ‘बटर खोलीच्या तापमानाला आणा’ असं तिथे लिहिलेलं असतं, तेव्हा ती खोली 18 ते 21 अंशांची असते. मे महिन्यात आपल्या स्वयंपाकघरात 33-34 अंश असतात आणि बटर साधारण तेवढ्यालाच वितळतं. एवढ्यातेवढ्याने काय बिघडतं? बरंच. साखरेबरोबर बटर फेटतो, तेव्हा साखरेचे कण त्या घट्ट स्निग्धात हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे कोंडत असतात. पातळ झालेलं बटर त्यांना धरू शकत नाही. पुढे बेकिंग पावडर कितीही घातली, तरी ती नवे बुडबुडे जवळजवळ तयार करत नाही. आधी कोंडलेल्यांनाच फुगवते. म्हणून आपल्याकडे बटर फ्रिजमधून काढून बोट जेमतेम रुतेल इतपत झालं, की लगेच फेटायला घ्यावं.

बेकिंग पावडरची गोष्ट आपल्याकडच्या अंडं न खाणाऱ्या घरांना जवळची वाटावी अशी आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे रसायनज्ञ आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी आणि यीस्ट दोन्ही सोसत नसत. तिच्यासाठी त्यांनी 1837 मध्ये अंड्याविना कस्टर्डची पावडर तयार केली आणि 1843 मध्ये बेकिंग पावडर.

अंडं काढलं की केकमधून एकाच वेळी बऱ्याच गोष्टी जातात. अंड्यातली प्रथिनं 60 ते 80 अंशांच्या दरम्यान घट्ट होऊन केकचा सांगाडा उभा करतात. बलकातलं लेसिथिन तेल आणि पाण्याचा मेळ घालतं. ते सगळं काम मग मैद्यातल्या पिष्टावर आणि ग्लुटेनवर येऊन पडतं, म्हणून आपण कंडेन्स्ड मिल्क आणि दही मदतीला घेतो. दह्यातलं लॅक्टिक आम्ल सोड्याला भेटताच कार्बन डायऑक्साइड सुटू लागतो आणि तो कुणाची वाट पाहत नाही. मिश्रण तयार करून मग ओव्हन तापवायला ठेवला, तर तेवढ्या वेळात निम्मी हवा निघून गेलेली असते. आधी ओव्हन तापवा, मगच दही आणि सोडा एकत्र करा. प्रमाणही सांभाळावं लागतं. कपभर दह्याला अर्धा छोटा चमचा सोडा पुरतो. जास्त घातलेल्या सोड्याला आम्ल उरत नाही, उष्णतेने त्याचं सोडियम कार्बोनेट होतं आणि केकला साबणासारखी चव येते.

हा जादा सोडा ओळखायला हळद उपयोगी पडते. रंगासाठी चिमूटभर हळद घातलेल्या केकवर तांबडे ठिपके दिसले, तर तिथे सोडा नीट मिसळलेला नाही असं समजावं. अल्कलीत हळद लाल होते. हळदीत चुना घालून कुंकू करतात, ते याच रसायनावर. बिटाचा रंग मात्र ओव्हनच्या आचेत तपकिरी पडतो. तो क्रीममध्ये वापरावा, केकच्या मिश्रणात नको.

क्रीमचं शास्त्र आपल्या आज्यांना चांगलंच ठाऊक होतं, फक्त उलट्या बाजूने. उन्हाळ्यात ताक घुसळताना त्या थंड पाणी किंवा बर्फ घालत, कारण गरम सायीतलं लोणी जमून येत नाही. क्रीम फेटतानाही स्निग्धाचे गोळे एकमेकांना चिकटू लागतात. ते अर्धवट चिकटले की हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळं होतं आणि क्रीम उभं राहतं. पुरते चिकटले की लोणी होतं. दोन्हीला थंडावा लागतोच. म्हणून भांडं आणि फेटणी आधी फ्रीजरमध्ये ठेवावी, क्रीम 5 अंशांच्या आसपास असावं. ‘फ्रेश क्रीम’ म्हणून मिळणाऱ्या पाकिटात बहुधा 25 टक्केच स्निग्ध असतं, ते कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. त्याला निदान 30-35 टक्के लागतात.

आपल्या उकाड्यात तासन्‌तास टिकतं ते बहुधा वनस्पती तेलाचं, दुधाविना क्रीम. त्यात घट्ट केलेलं तेल आणि जाळं धरून ठेवणारी रसायनं असतात. नक्षी त्याने सुरेख येते, हे मान्यच. पण चवीत ते दुधाच्या क्रीमची बरोबरी करत नाही आणि जिभेवर तुपकट थर ठेवून जातं. तेल आणि स्निग्धांतल्या ट्रान्स फॅटवर भारतात जानेवारी 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आहे. तरी पाकिटावरचा मजकूर वाचून घ्यावा. चार माणसांचा घरगुती केक असेल, तर नक्षी थोडी कमी करून दुधाचंच क्रीम वापरावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरभर दरवळणारा केकचा वास हाही रसायनाचाच खेळ. प्रथिनं आणि शर्करा 140 अंशांपुढे भराभर एकमेकांशी संयोग पावतात आणि शेकडो गंधद्रव्यं तयार होतात. लुई-कामिल मेलार्ड या फ्रेंच रसायनज्ञाने ही अभिक्रिया 1912 मध्ये मांडली. केकचा गाभा 100 अंशांच्या वर जात नाही, म्हणून रंग आणि वास येतो तो वरच्या सालीतून. कुकरमध्ये मिठावर भाजलेला केक आतून छान होऊनही वरून पांढुरका राहतो, कारण तिथे वरून आच नसते. तो कच्चा समजून जास्त भाजू नका, कोरडा होईल.

कपाने मोजलेला मैदा भरण्याच्या पद्धतीनुसार 120 ग्रॅम भरतो, नाहीतर 150. छोट्या ओव्हनची खरी आच आणि बटणावरचा आकडा यांतही बरीच तफावत असू शकते. तेव्हा नवे साचे आणि नोझल घेण्याआधी एक वजनकाटा आणि ओव्हनमध्ये ठेवायचा एक थर्मामीटर घ्या.